दांडीवरचा ५ आणि दोरीवरचा ८ : एका चुकलेल्या उत्तरातून तयार झालेला पाठ



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो माझ्या एका चुकीच्या उत्तरातून तयार झाला. वजन, लांबी, तरंगणे-बुडणे आणि लेबल वाचणे अशा चार गोष्टी यात एकत्र येतात. पाचवीच्या वर्गाला तीन तासिका पुरतात. घरी पालकांनाही करून घेता येईल.

प्रसंग

आमच्या वर्गात शनिवारी 'माझ्या घरातली एक वस्तू' हा उपक्रम असतो. मुलं घरून एखादी वस्तू आणतात आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं बोलतात. कुणी अडकित्ता आणतं, कुणी आजीची फिरकीची तांब्याची घागर. एका शनिवारी एक मुलगा कापडी पिशवीत गुंडाळलेली चार तुकड्यांची काठी घेऊन आला. तुकडे एकात एक बसवल्यावर ती फळ्यापेक्षा लांब झाली. त्याचा मामा बरीच वर्षं मनालीकडे हॉटेलात कामाला होता. तिथल्या एका पाहुण्याने जाताना त्याला ही ट्राउट मासे पकडायची काठी दिली होती.

हा मुलगा एरवी वर्गात फार बोलत नाही. पण शहाडच्या पुलाखाली, उल्हास नदीच्या काठी, आजोबांबरोबर गळ टाकत मोठा झालेला. त्या दिवशी तो पाचऐवजी पंधरा वाक्यं बोलला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, याच्यावर ५ का लिहिलंय?"

मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात खरंच ५ आकडा होता. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "पाच किलोपर्यंतचा मासा पेलते, म्हणून ५."

आपल्याकडे तंगुसाच्या रिळावर किलो लिहिलेले असतात, त्यावरून मी अंदाज ठोकून दिला. 'मला माहीत नाही, शोधून सांगते' हे वाक्य मी मुलांना नेहमी शिकवते. स्वतः म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र म्हटलं नाही.

सोमवारी तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "बाई, पाच किलोचा तंगूस लावला. पिसांची माशी पुढे जातच नाही. पायाशीच पडते. मामा म्हणतो, किलो नसणार ते." आणि हळूच पुढे म्हणाला, "मामाकडे एक दोरी पण आहे, त्याने स्वस्तात घेतलेली. तीपण नीट जात नाही."

दोरीचा डबा त्याने दुसऱ्या दिवशी आणला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : डब्ल्यूएफ-८-एस. मामाला विकणाऱ्याने सांगितलं होतं, "जाड घ्या, मजबूत असते." आता मे महिन्यात मामा भाच्याला हिमाचलात तीर्थन नदीवर नेणार होता आणि त्याआधी नवीन दोरी घ्यायची होती. चांगली दोरी काही हजार रुपयांना येते. म्हणजे माझं उत्तर चुकणं हा नुसता वर्गातला विषय राहिला नव्हता. त्या घराचे पैसे त्यात होते. मग मी वाचायला बसले. जे समजलं ते वर्गासमोर चूक कबूल करून मांडलं, आणि त्याचाच हा पाठ.

पहिली पायरी : वजन कुठे आहे?

मुलांना आधी आपला नेहमीचा गळ आठवायला सांगा. बांबूची काठी, तंगूस, तरंगायला मोरपिसाचा किंवा थर्माकोलचा तुकडा, खाली शिशाची गोळी आणि आमिष लावलेला गळ. आपण फेकतो ते शिसं. ते वजनदार असतं म्हणून पुढे जातं आणि हलका तंगूस त्याच्यामागे ओढला जातो.

आता कापसाचा बोळा फेकून बघा. कितीही जोर लावा, दोन हातांवर पडतो. ट्राउट हा मासा पाण्यावरचे आणि पाण्यातले लहान किडे खातो. म्हणून त्याच्यासाठी पिसं आणि धागा गुंडाळून खोटी माशी बनवतात. तिला वजन जवळजवळ नसतंच. मग ती दहा-बारा मीटर लांब जाणार कशी?

इथे मुलांना थांबवा आणि विचार करू द्या. आमच्या वर्गात उत्तर आलं ते पोतराजाच्या आसुडावरून. एक मुलगी म्हणाली, "आसुडाच्या टोकाला काही बांधलेलं नसतं, तरी टोक लांब जातं." अगदी बरोबर! आसुडात वजन दोरातच असतं. मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक होत गेलेला दोर हाताचा जोर टोकापर्यंत पोचवतो. या माशीच्या मासेमारीतही तसंच आहे. इथे दोरी हेच वजन. माशी तिच्यामागून नुसती प्रवास करते. तंगूस लावल्यावर माशी पायाशी का पडली, ते मुलांनी आता आपणहून सांगितलं : तंगुसाला वजनच नाही, मग काठी वाकणार कशाने?

आणि काठी वाकायलाच हवी. दोरीच्या वजनाने काठी धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना दोरी पुढे ढकलते. दोरी फार हलकी असेल तर काठी वाकत नाही. फार जड असेल तर काठी गरजेपेक्षा जास्त वाकते, सावकाश सरळ होते आणि दोरी ढिली होऊन पडते. म्हणजे काठी आणि दोरी यांची जोडी जमावी लागते.

दुसरी पायरी : ५ म्हणजे काय?

दांडीवरचा ५ माशाचं वजन सांगत नाही. ही दांडी कोणत्या नंबरच्या दोरीसाठी बनवली आहे, ते सांगतो. आणि दोरीचा नंबर तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ३० फूट म्हणजे साधारण ९.१४ मीटर, कारण एवढीच दोरी सर्वसाधारणपणे फेकताना हवेत असते.

पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या असत आणि त्यांना जाडीप्रमाणे इंग्रजी अक्षरं दिलेली असत. सगळ्याच दोऱ्या रेशमाच्या होत्या तोवर ते चाललं. पुढे नायलॉन आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या दोऱ्या आल्या. जाडी तीच, पण वजन वेगळं! मग अक्षरांचा उपयोग राहिला नाही. म्हणून १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांनी वजनावर आधारलेले नंबर ठरवले. तेच आज जगभर चालतात.

हे वजन 'ग्रेन' या एककात असतं. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. आपल्या मुलांना हे परकं वाटायला नको, कारण आपला तोळाही इंग्रजी अमलात १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. म्हणून तर तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज जवळजवळ दोन ग्रेनची. फळ्यावर हा तक्ता लिहा :

३ नंबर : १०० ग्रेन, सुमारे ६.५ ग्रॅम
४ नंबर : १२० ग्रेन, सुमारे ७.८ ग्रॅम
५ नंबर : १४० ग्रेन, सुमारे ९.१ ग्रॅम
६ नंबर : १६० ग्रेन, सुमारे १०.४ ग्रॅम
७ नंबर : १८५ ग्रेन, सुमारे १२ ग्रॅम
८ नंबर : २१० ग्रेन, सुमारे १३.६ ग्रॅम

ग्रॅमचा रकाना रिकामा ठेवून मुलांकडून गुणाकार करून घ्या. दशांश अपूर्णांकाचा यापेक्षा चांगला सराव मला तरी सापडलेला नाही. ५ नंबरची ३० फूट दोरी पाऊण तोळ्याहून किंचित जास्त भरते. सोनं घेणाऱ्या घरातल्या मुलांना हे लगेच कळतं.

आता मामाचा प्रश्न. दांडी ५ ची आणि दोरी ८ ची. मुलं म्हणाली, "तीनच तर जास्त आहे." मग २१० ला १४० ने भागायला लावलं. उत्तर आलं १.५. म्हणजे दोरी दीडपट जड! इथे एक महत्त्वाची गोष्ट कळते : प्रत्येक आकडा म्हणजे मोजमाप नसतं. ५ पेक्षा ८ तीनने मोठा असला तरी वजन तीन ग्रॅमने वाढलेलं नाही. शिवाय पायऱ्याही सारख्या नाहीत. आधी २० ग्रेनने वाढ होते, ६ नंतर २५ ने. हा नंबर हजेरीपटावरच्या क्रमांकासारखा आहे. आधी-नंतर सांगतो, किती ते सांगत नाही. किती ते बघायचं तर तक्त्यात जावं लागतं.

तिसरी पायरी : मैदानावरची कृती

साहित्य : दोन मीटरची लवचीक, टोकाकडे बारीक होणारी बांबूची काठी. प्रत्येकी ९ मीटर शिवणाचा दोरा, पातळ सुती दोरी आणि काथ्या. टोकाला बांधायला लोकरीचा छोटा गोंडा. गळ अजिबात नको.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी तिन्ही दोऱ्या तोला. आमची सुती दोरी १२ ग्रॅम भरली. शिवणाच्या दोऱ्याला काटा हललाच नाही. मग एका मुलाने सुचवलं, पूर्ण रीळ तोलू, मग दोरा काढून रिकामं रीळ तोलू, आणि वजाबाकी करून भागाकार करू. अशी सूचना आली की तासिका सार्थकी लागते.

मग एकेक दोरी काठीच्या टोकाला बांधून फेकायची. शिवणाच्या दोऱ्याने काठी वाकत नाही आणि गोंडा जवळच पडतो. काथ्याने काठी कमान होते आणि दोर जमिनीवर आपटतो. सुती दोरी मात्र हवेत वळसा घेऊन सरळ होते. घाई हीच इथली मोठी चूक. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे न्यायचं. आम्ही मोठ्याने "एक... दोन" म्हणत होतो. गंमत म्हणजे वर्गातली हुशार म्हणवली जाणारी मुलं इथे घाई करून गोंधळली आणि सगळ्यात सुंदर फेक त्या नदीकाठच्या मुलाची होती. मग बाकीच्यांना त्यानेच शिकवलं.

सूचना : फेकणाऱ्याच्या मागे-पुढे कुणी उभं राहायचं नाही. डोक्यावर टोपी हवी. हा पाठ मैदानावरच करायचा, नदीवर नाही. उल्हास नदी वरून संथ दिसते, पण जलपर्णीखाली खोली कळत नाही. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय मुलांना काठावर सोडू नये.

चौथी पायरी : एफ की एस?

डब्यावरची शेवटची खूण तरंगण्या-बुडण्याची. एफ म्हणजे फ्लोटिंग, तरंगणारी. एस म्हणजे सिंकिंग, बुडणारी. उथळ, खळाळत्या डोंगरी नदीत ट्राउटसाठी बहुतेक वेळा तरंगणारीच दोरी लागते. माशी पाण्यावर राहते, दोरी डोळ्यांना दिसते आणि पुन्हा फेकण्यासाठी ती पाण्यावरून सहज उचलता येते. बुडालेली दोरी आधी पाण्याबाहेर ओढून काढावी लागते. खोल तळ्यात, तळाशी असलेल्या माशांसाठी बुडणारी दोरी उपयोगी, पण नवशिक्याची पहिली दोरी ती नव्हे.

दोरी तरंगते का, यासाठी बादलीचा प्रयोग करा. प्लास्टिकची सुतळी, तंगुसाचा तुकडा, रेयॉनचा धागा आणि विजेच्या वायरचं तांब्याची तार काढून उभं चिरलेलं आवरण घ्या. आधी अंदाज लिहून घ्या, मग बोटांनी ओलं करून पाण्यात सोडा. बारीक तुकडा कोरडा सोडला तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे वर राहतो आणि आपण फसतो.

प्लास्टिकची सुतळी तरंगते. तंगूस, म्हणजे नायलॉन, हळूहळू बुडतो, कारण तो पाण्यापेक्षा किंचित जड आहे. वायरचं पीव्हीसी आवरण बुडतं. रेयॉनही बुडतं. आमच्या मुलांना रेयॉन फार जवळचं, कारण शहाडमध्येच रेयॉनचा कारखाना आहे आणि कितीतरी घरांतली माणसं तिथे काम करत आली आहेत. लाकडाच्या लगद्यापासून बनणारा हा धागा कोरडा असताना चांगला असतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. म्हणून साडीला उत्तम आणि गळाला निरुपयोगी. कोणताही धागा नुसता चांगला किंवा वाईट नसतो. कशासाठी हवा, ते आधी विचारायचं.

आता खरा प्रश्न. तरंगणाऱ्या दोरीचं आवरण पुष्कळदा पीव्हीसीचंच असतं. पीव्हीसी तर बुडालं! मग ती दोरी कशी तरंगते? इथे स्टीलचा चमचा आणि स्टीलची वाटी पाण्यात सोडा. चमचा बुडतो, वाटी तरंगते. धातू तोच, पण वाटीच्या पोकळीत हवा आहे. दोरीच्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ फुगे मिसळलेले असतात. त्यातल्या हवेमुळे संपूर्ण दोरी तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा हलकी होते. पूर्वीची रेशमी दोरी तरंगावी म्हणून तिला चरबी चोळावी लागे आणि संध्याकाळी वाळत घालावी लागे. ते काम आता हे फुगे करतात.

पाचवी पायरी : लेबल वाचून निर्णय

डब्यावरची पहिली दोन अक्षरं दोरीचा आकार सांगतात. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात आणि मागे बारीक धावती दोरी. ही लांब जाते आणि नवशिक्याला सोपी पडते. डीटी म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. ही जवळच्या अंतरावर पाण्यात अलगद उतरते, आणि एक टोक झिजलं की उलटी लावता येते, म्हणजे एका किमतीत दोन.

मुलांनी गटात बसून मामासाठी यादी केली ती अशी :

१) दांडीवरचा नंबर वाचा. तो ५ असेल तर दोरी ५ चीच.
२) आकार डब्ल्यूएफ. लहान ओढ्यावरच जाणार असाल तर डीटीसुद्धा चालेल.
३) शेवटचं अक्षर एफ. म्हणजे डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ हवं.
४) डब्यावर ग्रेन लिहिले असतील तर तेही बघा. हल्ली काही दोऱ्यांवर ५ लिहून प्रत्यक्षात त्या ६ च्या जवळ जाणाऱ्या वजनाच्या बनवतात. दांडी कडक असेल तर अशी दोरी तिला वाकवायला बरी पडते. दांडी मऊ असेल तर १४० ग्रेनच्या आसपासची घ्या.
५) अगदी अरुंद ओढ्यात ३० फूट दोरी बाहेर काढताच येत नाही. कमी दोरी म्हणजे कमी वजन. तिथे एक नंबर वरची दोरी काही वेळा उपयोगी पडते. पण एकच नंबर, तीन नव्हे.
६) रिळात दोरी आणि तिच्यामागचा आधाराचा धागा दोन्ही मावतील का, ते पाहा.
७) दोरीच्या टोकाला साधारण दांडीइतक्या लांबीचा, निमुळता होत गेलेला तंगूस लावतात आणि त्याला माशी बांधतात. माशाला जाड दोरी दिसू नये म्हणून.

दोरी घेतल्यावरचं काम म्हणजे स्वच्छता. मळ बसला की टोक बुडू लागतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. डास पळवायचं मलम, उन्हाचं क्रीम किंवा पेट्रोल लागलेल्या हातांनी दोरी धरू नये, आवरण खराब होतं.

मुलांचा एक प्रश्न हमखास येतो : "बाई, आपल्या उल्हास नदीत ट्राउट का नाही?" ट्राउटला थंड, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. साधारण २० अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो. आपल्याकडे नदीचं पाणी त्याहून गरम असतं. हिमाचल आणि काश्मीरच्या नद्यांतही तो मूळचा नाही, इंग्रजांच्या काळात आणून सोडला. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांचा मानाचा मासा महसीर. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं पाण्यात सोडण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. हिमाचलात ट्राउट धरायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि अंडी घालण्याच्या हिवाळ्यात बंदी असते. या गोष्टीही मुलांना सांगा. मासा पकडण्याच्या पाठात मासा कधी पकडू नये, हेही आलं पाहिजे.

तंगुसाचे तुटके तुकडे काठावर टाकायचे नाहीत, खिशात घालून घरी आणायचे, हा नियम वर्गानेच केला. नायलॉन मांजाने पक्षी कसे कापले जातात, हे मुलांनी संक्रांतीला पाहिलेलं असतं. नदीकाठच्या बगळ्याच्या पायाला तोच त्रास तंगुसाने होतो.

सरावप्रश्न

१) ४ नंबरच्या दांडीला ६ नंबरची दोरी लावली, तर वजन किती पट होईल?
२) १४० ग्रेन म्हणजे किती गुंजा? (१ गुंज = १.८७५ ग्रेन)
३) डीटी-६-एफ या खुणेचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४) ज्यावरचा आकडा मोजमाप नसून फक्त क्रमांक आहे, अशा घरातल्या तीन वस्तू शोधा.

चौथ्या प्रश्नाला बुटांचा नंबर, चष्म्याचा नंबर, बसचा नंबर अशी उत्तरं आली. चष्म्याच्या नंबरवरून वर्गात वाद झाला, कारण तो खरं तर मोजमापच आहे. वाद होऊ द्या.

मामाने डब्ल्यूएफ-५-एफ घेतली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो मुलगा म्हणाला, "बाई, मासा एकच मिळाला, तोपण लहान होता, सोडून दिला. पण माशी लांब गेली."

आता माझ्या टेबलावर एक वही असते, 'बाईंना माहीत नसलेले प्रश्न' या नावाची. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलंय : दांडीवर ५ का? शक्य असेल तर तुमच्या वर्गातही अशी एक वही ठेवा. ती लवकर भरते, आणि तिच्यातूनच पुढचे पाठ मिळतात.